डाव्या शिवणीचा धागा

माझ्या सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. त्या रफू करायच्या. कोटाला, शालीला, सुटाच्या पँटला भोक पडलं की त्या भोकावर त्याच कापडाचे धागे घालून पुन्हा कापड विणायच्या. दुकानात कोणी चुकून याला ठिगळ म्हटलं, तर त्या चष्मा नाकावर खाली घेऊन त्या माणसाकडे इतका वेळ बघायच्या की तो बिचारा आपली पावती काउंटरवरच विसरून जायचा.

आता धागा त्याच कापडाचा आणायचा कुठून, तर त्याच कपड्याच्या पोटातून. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडलेलं असतं. त्याच्या कडेचे धागे सुईनं एकेक करून ओढून काढायचे. ते तेवढेच जुने, तेवढेच धुतलेले आणि तेवढ्याच उडालेल्या रंगाचे असतात. अक्कांचा नियम असा, की धागा नेहमी डाव्या शिवणीतून काढायचा. माणसाचा उजवा हात जास्त हलतो, उजवी शिवण जास्त झिजते, तिला आणखी अशक्त करायचं नाही. डावखुऱ्या गिऱ्हाइकांचं काय, असं मी नवी असताना एकदा विचारलं होतं. "त्यांचं त्यांनी बघावं," अक्का म्हणाल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी उजव्या शिवणीला हात लावला नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी लावला, आणि माझं पितळ तिथेच उघडं पडलं.

अक्का सोळाव्या वर्षी एका मोठ्या धुलाई कारखान्यात लागल्या होत्या. धुवायला आलेल्या कपड्यांत फाटकं काही निघालं की ते मागच्या खोलीत जायचं. तिथे लांब टेबलाशी बारा बायका बसायच्या. अकराजणी गप्पा मारत काम करायच्या आणि अक्का त्यांच्या गप्पा ऐकत काम करायच्या. आपल्याला माणसं बरोबर कळतात ती त्यामुळे, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं. कारखान्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरशी त्यांचं लग्न झालं. अक्कांच्या एकतिसाव्या वर्षी तो ड्रायव्हर गेला आणि पदरात तीन मुलं राहिली. मागे राहिलेल्या वस्तूंत सासऱ्यांचा एक जाड करडा कोट होता. वर्षभरानं मुकादमीण म्हणाली, "हात जरा भरभर चालव. इतकं बारीक कोण बघतंय?" अक्का म्हणाल्या, "मी बघतेय ना," आणि आपल्या सुया उचलून घरी आल्या.

घरी म्हणजे या जिन्याखाली. सहा फूट रुंद जागा, एक खिडकी, एक स्टूल, वर टांगलेला दिवा आणि खिडकीच्या कडीला दोरीनं बांधलेलं भिंग. भिंग बांधलेलं यासाठी, की मुलं त्यानं कागद जाळायची. स्टुलाच्या मागे खुंटीवर तो करडा कोट. त्या स्टुलावरून अक्कांनी तीन मुलं वाढवली. पाढे तिथे म्हणून दाखवायचे, प्रगतिपुस्तक तिथे आणायचं, मारामारी झाली तर दोघांनी तिथे येऊन उभं राहायचं. मोठे दीर परगावी नोकरीला गेले, धाकट्या नणंदेनं नर्स व्हायचं ठरवलं, माझ्या नवऱ्यानं दुकानाला इस्त्रीचं काम जोडलं, या सगळ्याला परवानगी त्या स्टुलावरूनच मिळाली. बोलताना अक्का मान वर करायच्या नाहीत. मान वर केली म्हणजे उत्तर 'नाही' असं समजायचं.

मला पसंत करायलाही तिथेच नेलं होतं. आईनं मला दोन दिवस पढवलं होतं, काय विचारलं तर काय सांगायचं ते. अक्कांनी काहीच विचारलं नाही. एक सुई आणि केसासारखा बारीक काळा धागा पुढे केला आणि म्हणाल्या, "ओव बरं." मी एका दमात ओवला. "डोळे चांगले आहेत," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि पुन्हा कामाला लागल्या. आई घरी येईपर्यंत धुसफुसत होती, की पोरगी दाखवायला गेलो होतो की डोळे तपासायला. मला मात्र मनातून बरं वाटलं होतं. तोवर माझ्या कशालाच कोणी चांगलं म्हटलं नव्हतं.

शिकवायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. शेजारी बसवून दाखवणं वगैरे काही नाही. स्वतः रफू केलेला एखादा तुकडा माझ्या अंगावर टाकायच्या आणि म्हणायच्या, "उसव." मी सुईच्या टोकानं त्यांचा एकेक धागा मागे काढायची. कुठे वर गेला, कुठे खाली गेला, कुठे त्यांनी एक धागा मुद्दाम सैल सोडला, हे उसवतानाच कळायचं. "बघून काय कळतंय? दिसलं तर ते माझं काम कसलं," असं त्या म्हणायच्या. दोन वर्षं मी नुसती उसवत होते. माहेरी गेले की बहिणी विचारायच्या, काय शिवलंस, आणि मला सांगायला काही नसायचं.

मग हळूहळू हात बसला. साधी वीण आली, तिरपी आली, चौकटीचं कापडही आलं. एकच राहिलं. काही जाड कोटांच्या कापडात तिरप्या रेघा वर चढतात आणि मध्येच वळून खाली उतरतात, माशाच्या काट्यासारख्या. सासऱ्यांचा करडा कोट त्याच कापडाचा होता. ती रेघ जिथे वळते तिथे भोक पडलं, तर ते बुजवणारी त्या शहरात एकच बाई होती. अक्का त्या कामाला नुसतं 'वळण' म्हणायच्या. त्या वेळी मात्र पाठ फिरवून बसायच्या, आणि काम झालं की कोट लगेच गिऱ्हाइकाच्या हातात. उसवायला तुकडा कधी मिळाला नाही.

"वळण कधी शिकवणार?" मी एकदा धीर करून विचारलं. लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती.

"ते शेवटी. ते दिलं की माझ्याकडे काय राहिलं? उद्या मला भाजी निवडायला बसवाल."

"तुम्हाला कोण बसवणार?"

"हे बघ," त्यांनी सुई टाचण्यांच्या गादीत खोचली आणि चक्क मान वर केली. "ज्या दिवशी माझा हात चुकायला लागेल, त्या दिवसापासून वळण तुझं. पण हात चुकतोय हे मला नाही कळायचं. कारखान्यात म्हाताऱ्या बायकांना कधीच कळायचं नाही, बाकीच्या पाठीमागे हसायच्या. ते तू सांगायचंस. तू उसवलंयस माझं काम, तुला पहिलं कळेल. कबूल?"

मी कबूल म्हटलं. त्यानंतर दर शनिवारी दुकान बंद करताना त्या विचारायच्या, "काय गं, हात ठीक आहे ना?" मी म्हणायची, "ठीक आहे, अक्का." कितीतरी वर्षं ते खरंच होतं.

अक्का बहात्तर वर्षांच्या असताना एका निळ्या जाकिटावर मला पहिली चूक दिसली. एक धागा दोनऐवजी तीनवरून गेला होता. मी तो दुरुस्त केला आणि म्हटलं, होतं एखाद वेळी. पुढच्या आठवड्यात दोन निघाल्या. महिन्याभरात एका पँटच्या गुडघ्यावर गोळाच झाला, बोट फिरवलं तर लागावा असा. अक्का दुपारी जेवून दोन तास पडायच्या. त्या वेळात मी ती पँट घेतली, सगळं उसवलं आणि पुन्हा भरलं. डाव्या शिवणीतला धागा त्यांनी वापरून संपवला होता. मी उजव्या शिवणीतून काढला.

त्या रविवारी नणंद आली तेव्हा मी तिला आणि नवऱ्याला एकत्र बसवून सांगितलं. नणंद दवाखान्यात रोज म्हातारी माणसं बघणारी, तिला सगळं माहीत असणार असा माझा समज. ती म्हणाली, "वहिनी, अजिबात बोलू नकोस. स्टुलावर बसतेय म्हणून ती उभी आहे. स्टूल काढलंस तर चार महिन्यांत अंथरूण धरेल." नवरा नेहमीसारखा म्हणाला, "तुम्हा दोघींना जे योग्य वाटेल ते." झालं. घरात तीन शहाणी माणसं होती आणि तिघांचं एकमत झालं.

नणंदेवर ढकलून मी मोकळी होऊ शकते. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात आणखीही काही होतं. दुपारी अक्कांचं काम उसवताना मला वाईट वाटायचं, पण नुसतं वाईटच वाटायचं असं नाही. आता माझा हात त्यांच्यापेक्षा चांगला आहे, हे मला एकटीलाच माहीत होतं, आणि ते गुपित मला आवडायला लागलं होतं. गिऱ्हाईक भिंगाखाली कोट धरून म्हणायचं, "अक्का, तुमच्या हाताला तोड नाही," आणि मी मागे घड्या घालत मनात म्हणायची, हात माझा आहे. अशी मी. ज्या बाईनं मला सगळं दिलं तिची कीव करायला मला गोड वाटत होतं.

तीन वर्षं हे चाललं. नवरा दुपारी इस्त्रीची वाफ मुद्दाम जोरात सोडायचा, म्हणजे आत त्यांना माझ्या कात्रीचा आवाज जाऊ नये. वळणाचं काम आलं की मी गिऱ्हाइकाला परस्पर परत पाठवायची, कारण ते मला उसवता आलं असतं, पण भरता आलं नसतं. "हल्ली काट्याचे कोट येत नाहीत का गं?" अक्का विचारायच्या. "लोक वापरत नाहीत आता," मी सांगायची. आणि दर शनिवारी तो प्रश्न, आणि दर शनिवारी माझं "ठीक आहे, अक्का." दीडशेवर शनिवार झाले असतील. प्रत्येक वेळी एक वाक्य बोलायचं होतं. प्रत्येक वेळी मी मूग गिळून बसले.

त्यातच, दुसऱ्या वर्षीच्या थंडीत, एक दिवस मी बाजारात असताना मास्तर आले. हे शाळेतून निवृत्त झालेले, अक्कांचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा कोट काट्याच्या विणीचा, आणि भोक नेमकं वळणावर. त्यांनी तो सरळ अक्कांच्या मांडीवर ठेवला. मी परत आले तर अक्का पाठ फिरवून बसलेल्या. चार दिवस त्या कोटाशी झटत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी तो माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "जमलंय बघ अजून."

जमलं नव्हतं. रेघा वळायच्या जागी एकमेकींवर चढल्या होत्या. मी दुपारी ते उसवलं. उसवताना मला वळण कळेल अशी आशा होती, पण चुकलेल्या कामातून काय कळणार? शेवटी मी तिथे साधी सरळ वीण भरली. लांबून दिसत नव्हती, जवळून दिसत होती. मास्तरांना मी बाजूला घेऊन खरं सांगितलं आणि म्हटलं, अक्कांना कळू देऊ नका. ते भले माणूस. भरलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "माझं तोंड बंद." तेही आमच्यात सामील झाले.

पुढच्या थंडीत कोटाचं अस्तर सुटलं म्हणून मास्तरांनी तो पुन्हा आणला आणि काउंटरवर माझ्या नवऱ्याकडे दिला. अक्कांना तोवर डोळ्यांनी फारच कमी दिसू लागलं होतं. त्यांनी हात पुढे केला, नवऱ्यानं काही विचार न करता कोट त्यांच्याकडे दिला. त्यांचं बोट आपसूक त्या जागी गेलं, आपलं जुनं काम चाचपायला. आणि तिथेच थांबलं.

"हे कोणी केलंय?"

"तुम्हीच ना, अक्का," मी म्हटलं. "गेल्या थंडीत."

त्यांनी कोट उलटा केला. डाव्या शिवणीवरून अंगठा नेला, सावकाश, खालपर्यंत. मग उजव्या शिवणीवरून नेला. अर्ध्यावर अंगठा अडला.

"इथून धागा गेलाय," त्या म्हणाल्या. "मी इथून काढत नाही."

इस्त्री बंद झाली. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"किती दिवस?"

"तीन वर्षं होतील."

"सगळेच कपडे?"

सगळे नाहीत, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. "जवळजवळ सगळे," मी म्हटलं.

त्यांनी कोट सुलटा करून मांडीवर घेतला. मला वाटत होतं त्या बोलतील, लागेल असं काहीतरी म्हणतील. ते मला हवं होतं.

"मी दर शनिवारी विचारत होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुला विचारत होते. पोराला नाही, पोरीला नाही. ती माझी आहेत, ती खोटंच बोलणार. म्हणून तुला."

मी रडायला लागले. त्यांनी कोटाची घडी केली आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी चहा झाला की बस माझ्याजवळ. वळण घेऊ. ठरलंय आपलं."

एवढं झाल्यावरही त्यांनी आपला शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पायाशी कोट घेऊन बसले. त्या डोळे मिटून सांगू लागल्या. "दोन खाली घाल. पुढच्या ओळीत एक सरक. आता वळायच्या आधी एक सोड... नाही, थांब. सोडायचा नाही, अलीकडून..." त्यांनी माझं मनगट धरलं, सुई स्वतःच्या हातात घेतली, धागा चाचपला. बोटं थरथरत होती. धागा भलतीकडे गेला. पुन्हा केलं, पुन्हा गेला. आठवडाभर रोज सकाळी आम्ही बसलो. रोज त्या वेगळं सांगायच्या आणि अर्ध्यावर थांबायच्या.

"हे मला तोंडानं कधी सांगावं लागलं नाही गं," त्या आठव्या दिवशी म्हणाल्या. "हात करायचा, मी नुसती बघायचे. तीन वर्षांपूर्वी हात होता. चुकत का होईना, होता. तेव्हा तू धरला असतास." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तो अंगावर घेतला असता आणि फिट्टंफाट झाली असती.

त्यानंतर त्या स्टुलावर बसल्या नाहीत. आतल्या खोलीत पलंगावर बसायच्या, दार ओढून घ्यायच्या. नणंद म्हणाली होती चार महिने. त्या आठ महिने राहिल्या. शनिवारी मी दुकान बंद करून आत जायची आणि दाराशी उभी राहायची, पण त्यांनी पुन्हा कधी तो प्रश्न विचारला नाही. मग छातीत कफ झाला आणि पाच दिवसांत त्या गेल्या. नणंद माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "वहिनी, मीच तुला सांगितलं होतं." मी म्हटलं, "तू सांगितलंस, पण ऐकलं मी." त्या दिवसापासून आम्ही दोघी त्या विषयावर बोललेलो नाही.

जुन्या कोटांवरून शिकता येईल असं मला नंतर वाटलं. अक्कांनी वळण भरलेले कोट या शहरात कितीतरी असतील. दोन-तीन ओळखीच्या लोकांचे मागून आणले, दिव्याखाली धरले, भिंगानं बघितले. रफू कुठे आहे तेच सापडेना. परत करताना मला हसूही आलं आणि रडूही.

गेल्या महिन्यात आतल्या खोलीचा पलंग हलवला. गादीखाली एक पुडी निघाली, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली. उघडली तर करड्या कापडाचे तुकडे. मी स्टुलामागच्या खुंटीकडे गेले आणि सासऱ्यांचा कोट खाली काढला. इतकी वर्षं तो भिंतीला पाठ लावून टांगलेला, आम्ही कोणी हातही लावत नव्हतो. त्याची पाठ कापून नेलेली होती. डावी शिवण उघडी होती आणि तिच्यातला काढता येईल तेवढा धागा काढलेला होता. उजवी जशीच्या तशी.

नऊ तुकडे होते. प्रत्येकाला वळणाच्या जागी कात्रीनं भोक पाडलेलं आणि भरलेलं. ते आठ महिने त्या दार लावून हेच करत होत्या, दिसत नसताना, थरथरत्या बोटांनी. स्वतःसाठी त्यांना त्याचा काय उपयोग होता? मला उसवायला एक तुकडा हवा होता, तो त्या करून ठेवत होत्या.

मी ते तुकडे दिव्याखाली मांडले. पहिल्यात नुसता गुंता होता. दुसऱ्या-तिसऱ्यातही तेच. पुढे पुढे रेघा ओळखू येऊ लागल्या. नवव्या तुकड्यात तीन ओळी अशा भरल्या होत्या की मला त्या सापडायला भिंग लागलं. रेघ वर चढते, वळते, खाली उतरते. चौथ्या ओळीत धागा सुटला, आणि त्यानंतर त्यांनी पुढे काही भरलेलं नाही. बहुतेक तेव्हाच कफ झाला असेल.

तीन ओळी उसवल्या तर मला वळण येईल. मी सुई घेऊन बसते आणि परत ठेवते. तीन वर्षं त्यांचं काम मी त्यांच्या पाठीमागे उसवलं, तेव्हा हात एकदाही अडला नाही, आणि आता त्यांनी स्वतः उसवायला ठेवलेलं माझ्याच्यानं उसववत नाही. कोणी काट्याचा कोट आणला की मी सांगते, हे मला येत नाही. लोकांना वाटतं मी नम्रपणा करते.

काल शनिवार होता. नवरा कपडे पोचवायला गेला होता. दुकान बंद करण्याआधी मी नववा तुकडा खिडकीपाशी नेला, भिंग धरलं, आणि रिकाम्या स्टुलाकडे बघून मोठ्यानं म्हटलं, "अक्का, चौथ्या ओळीत हात चुकलाय तुमचा."

मग तुकडा मांडीवर घेतला आणि सुई शोधायला लागले.